शब्दचर्चा: 'आयडेंटिटी अचीव्हमेंट' म्हणजे यश?

सुरंगी (रत्नागिरी): बी.ए.च्या मुलांसाठी मानसशास्त्राची टिपणं मराठीत आणतेय. आधीच्या टिपणात 'आयडेंटिटी अचीव्हमेंट'ला 'ओळखीतील यश' केलंय. वाचून वाटतं, वशिला लागला! 'अस्मिता-संपादन' चालेल का?

खाडीकाठ (दापोली): 'अस्मिता' नको, ताई. योगसूत्रांत ती पाच क्लेशांपैकी एक आणि आजच्या वर्तमानपत्रांत ती मोर्चे काढते. साधं 'ओळख' किंवा 'स्व-ओळख' लिहा.

'यश' तर मुळीच नको. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ साली एरिक एरिक्सन यांच्या विचारावरून ओळख घडण्याच्या चार अवस्था मांडल्या, त्या दोन प्रश्नांवर उभ्या आहेत. पर्याय चाचपून पाहिले का? आणि कशावर तरी मन ठाम झालं का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर अचीव्हमेंट. वर्षभर धडपडून, दोनदा नापास होऊन, शेवटी विचारपूर्वक बागायतीत उतरलेला मुलगा त्यात बसतो. बाबांनी सांगितलं म्हणून इंजिनिअरिंगला जाऊन पहिला आलेला बसत नाही, तो फोरक्लोजरमध्ये. म्हणून मी 'गवसलेली ओळख' म्हणेन.

सुरंगी: आणि फोरक्लोजर, मोरेटोरियम? शब्दकोश उघडला की थेट बँकेत जाऊन पोचते.

पाणंद (वेंगुर्ले): फोरक्लोजर म्हणजे 'आयती ओळख'. घरातून मिळाली, तपासली नाही. मोरेटोरियमला 'शोधकाळ' म्हणा आणि किनाऱ्यावरच्या मुलांना जून-जुलैची मासेमारी बंदी आठवायला सांगा. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, पण रिकामं कोणी नसतं. पडवीत जाळी दुरुस्त होतात, इंजिन खोललेलं असतं, मोठ्या पर्ससीन जाळीवाल्यांवरून वाद रंगतात. शोधकाळातला मुलगा बाहेरून असाच थांबलेला दिसतो. जो ठाम नाही आणि शोधतही नाही, त्याची अवस्था डिफ्यूजन, 'विखुरलेली ओळख'.

खाडीकाठ: उपमा आवडली, पण 'आयती'त टोमणा आहे. आयत्या बिळावर नागोबा लगेच आठवतो. मार्सियांच्या १९६६ च्या अभ्यासातले ८६ विद्यार्थी सगळे मुलगे होते. १९७० साली त्यांनी फ्रीडमन यांच्यासह कॉलेजच्या मुलींचा अभ्यास केला, तेव्हा फोरक्लोजरमधल्या मुलींचा आत्मसन्मान चांगला आणि चिंता कमी निघाली. घरच्यांना पटेल तीच वाट धरली की मुलीला चहूकडून शाबासकी मिळते, हे त्यामागचं एक कारण असावं. 'वारशाची ओळख' लिहा, त्यात कोणाची हेटाळणी नाही.

पाणंद: मान्य, काका. 'वारशाची' घ्या.

माडबन (मालवण): मधेच बोलतो. जेंडरला 'लिंग' करू नका, 'लिंगभाव' आता रुळलाय. लिंग व्याकरणाचंही असतं आणि ते आमच्या मालवणीत बघा: झील (मुलगा) इलो, पण चेडू (मुलगी) इला, 'इली' नव्हे. मुलगी चक्क नपुंसकलिंगी! पण त्याच चेडवाकडून घरच्यांच्या अपेक्षा मात्र पक्क्या स्त्रीलिंगी. त्या अपेक्षा म्हणजे लिंगभाव-भूमिका.

बंदरावर लिलावात बोली लावणारी, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालून पैसा कनवटीला लावणारी बाई डोळ्यांसमोर आणा. सँड्रा बेम यांच्या १९७४ च्या प्रश्नावलीत ६० गुणविशेष आहेत: २० 'पुरुषी', २० 'बायकी', बाकीचे तटस्थ. ही बाई पहिल्या रकान्यात भराभर गुण मिळवेल आणि घरी नातवंडाला मांडीवर घेऊन दुसऱ्यातही. दोन्हींकडे वरचढ असणाऱ्यांना बेम 'अँड्रोजिनस' म्हणतात. त्याला कृपा करून 'उभयलिंगी' लिहू नका. तो शब्द गांडुळाचा.

सुरंगी: हसून पुरेवाट! मग अचीव्हमेंट मोटिव्हेशन, म्हणजे काही चांगलं करून दाखवायची ओढ?

पाणंद: 'संपादन-प्रेरणा' पुस्तकी आहे, मला 'कर्तृत्वप्रेरणा' बरी वाटते. 'यश' हा शब्द इथेच पुढे लागतो, कारण १९६८ साली मॅटिना हॉर्नर यांनी 'फिअर ऑफ सक्सेस', म्हणजे यशाचं भय, मांडलं. मुलींना एका वाक्यावरून गोष्ट लिहायला दिली: पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर अ‍ॅन मेडिकलच्या वर्गात पहिली आली आहे. मुलग्यांच्या वाक्यात अ‍ॅनऐवजी जॉन. ९० मुलींपैकी ६५ टक्क्यांहून जास्त जणींनी अ‍ॅन एकटी पडते, तिला अपराधी वाटतं किंवा असंच काही वाईट घडतं असं लिहिलं. ८८ मुलग्यांमध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत. आपल्याकडे 'एवढी शिकली, आता हिला स्थळ कुठून आणायचं?' म्हणतात, ती हीच गोष्ट.

खाडीकाठ: पण 'यशभय' हा बायकांचा स्वभाव म्हणून शिकवू नका. १९७४ च्या एका अभ्यासात मुलग्यांनाही अ‍ॅनवर लिहायला दिलं, तर त्यांनी मुलींपेक्षाही वाईट गोष्टी रचल्या. म्हणजे भीती अ‍ॅनच्या पोटात कमी आणि तिच्याकडे बघणाऱ्यांच्या डोक्यात जास्त.

सुरंगी: मग 'यशभय' लिहून लगेच खाली १९७४ चा अभ्यासही देते, नाहीतर परीक्षेत तो 'स्त्रियांचा मानसिक दोष' म्हणून येईल. 'गवसलेली', 'वारशाची', 'शोधकाळ' नक्की. 'कर्तृत्वप्रेरणे'चं मात्र अजून ठरत नाही. कर्तृत्व म्हटलं की आमच्या मुलींना शाल-श्रीफळच आठवतं.