हट्ट, हेका, जिद्द : अडीच वर्षांच्या मुलीला नेमके काय म्हणावे?

विचारणा :
परवा संध्याकाळी ऐन गर्दीत दादर स्थानकाच्या पुलावर माझ्या अडीच वर्षांच्या मुलीने ‘मीच चढणार’ म्हणून माझा हात झटकला. लोक खोळंबले म्हणून मी तिला उचलून आठ पायऱ्या वर नेले, तर ती रडत खाली उतरली आणि पहिल्या पायरीवर फतकल मारून बसली. त्याच आठ पायऱ्या तिला स्वतःच्या पायांनी चढायच्या होत्या. मागच्या आजी ‘हट्टी आहे हो’ म्हणाल्या, शेजारच्या बाई तिला ‘जिद्दी’ म्हणतात आणि सासूबाई ‘हेकेखोर’. हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का?

प्रतिसाद :
तिन्ही गोष्टी ‘धरल्या’ जातात, परंतु पुढची क्रियापदे पाहिली की फरक कळतो. हट्ट पुरवतात, जसे लाड आणि हौस पुरवतात. हेका कोणी पुरवत नाही, तो सोडायला लावतात. आणि जिद्दीला माणूस पेटतो, तिथे दुसऱ्या कोणाचे कामच नसते. म्हणजे ‘हट्ट’ म्हणताच देणारे माणूस समोर आहे हे गृहीत धरलेले असते, म्हणून बालहट्ट आणि राजहट्ट एका पंक्तीला बसतात. आपल्या मुलीने तर काही मागितलेच नव्हते, उलट दिलेले परत केले! त्यामुळे माझ्या मते आजींपेक्षा शेजारीणबाईंचा शब्द जवळचा आहे, मात्र तो त्यांनी कोणत्या भाषेतून वापरला हे पाहावे लागेल. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘विरुद्ध’ असा आहे. हिंदीत त्यातला अडेलपणा बराचसा टिकला, मराठीत मात्र ‘जिद्द’ हे कौतुक झाले, आणि मुंबईच्या जिन्यांवर हे दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येतात. ‘हेकेखोर’ मोठ्यांसाठी राखून ठेवावा.

दुसरा प्रतिसाद :
थॉमस आणि चेस या मनोविकारतज्ज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये १९५६ साली सुरू केलेल्या अभ्यासात बालस्वभावाचे जे ९ पैलू मांडले, त्यांत प्रतिसादाची तीव्रता, म्हणजे मूल किती जोराने व्यक्त होते, हा एक आहे, आणि तो रागाइतकाच आनंदालाही लागू होतो. आपला ‘तीव्र’ मात्र बहुधा वेदना, विरोध, नापसंती यांच्या संगतीत वावरतो, आणि ‘तिखट’ म्हणावे तर ते जिभेवर जाते. दोन्ही बाजू सांभाळणारा शब्द ‘उत्कट’ आहे, पण ‘आमची उत्कट आहे’ असे भाजीवालीपुढे कोणती आई म्हणेल?

विचारणाऱ्याकडून :
‘पुरवणे’ची खूण पटली. काल त्याच जिन्यावर मी कडेला उभी राहिले आणि तिला चढू दिले. तेवढ्यात आमची गाडी गेली. घरी सासूबाईंनी उशिराचे कारण विचारले, तेव्हा ‘हिने हट्ट धरला’ हे तोंडावर आलेले वाक्य गिळून मी ‘जिना चढत होती’ एवढेच सांगितले.