हेल्थ कोचने क्लायंटच्या नाश्त्याचा आग्रह धरावा का?

पहाटवारा (धागाकर्ती)

मी हेल्थ कोच आहे. आमच्या कामात सध्या दोन टोकं दिसतात. काही कोच पहिल्याच भेटीत "नाश्ता चुकवायचा नाही" असा हुकूम सोडतात. काही जण हा विषयच काढत नाहीत, कारण सोळा तास उपाशी राहण्याचा बोलबाला आहे. मला दोन्ही पटत नाही. क्लायंटला पौष्टिक नाश्त्याकडे वळवणं हे कोचचं काम आहे, आणि खाण्यात बदल करायला याहून सोयीची सुरुवात मला दिसत नाही.

वजनासाठी मी हे म्हणत नाहीये. दुपारचं जेवण कामाच्या धबडग्यात सापडतं, रात्रीचं घरातल्या सगळ्यांच्या आवडीनिवडीत. सकाळचं खाणं मात्र बऱ्याच जणांना स्वतःपुरतं ठरवता येतं, आणि रोज तेच असलं तरी फारसा कंटाळा येत नाही. सवय रुजायला नेमकं हेच लागतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० चा अभ्यास आहे. ९६ जणांना रोजच्या एका ठरलेल्या प्रसंगाला जोडून एक नवी कृती करायला सांगितली होती. ती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ निघाला, आणि तफावत १८ पासून २५४ पर्यंत (वरचा आकडा गणिताने काढलेला, अभ्यास १२ आठवड्यांचाच होता). एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. क्लायंटना मी हे आवर्जून सांगते, कारण एक सकाळ हुकली की लोक आठवडाच सोडून देतात.

सरळरेघ

जोरदार असहमत. वजनाचा मुद्दा तुम्ही आधीच बाजूला ठेवलात, पण क्लायंट बहुतेकदा वजनासाठीच येतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात १३ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. नाश्ता करणाऱ्यांच्या पोटात दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्त गेल्या, वजनही ०.४४ किलो जास्त भरलं. फरक लहान आहे, मान्य. पण नाश्त्याने वजन उतरतं हा दावा त्यात टिकत नाही. त्याआधी २०१४ मध्येही ३०० हून अधिक प्रौढांना १६ आठवडे नाश्ता करा किंवा टाळा असं सांगून पाहिलं होतं. वजनात काही फरक पडला नाही.

भूक नसलेल्या माणसाला "खा" म्हणणं म्हणजे त्याच्या शरीराची खूण नाकारणं. ती खूण ओळखायला शिकवणं हे कोचचं खरं काम.

पहाटवारा

त्याच आढाव्यात लेखकांनी चाचण्यांचा दर्जा कमी असल्याचं लिहिलंय, आणि वजनाच्या चाचण्या सरासरी ७ आठवड्यांच्या होत्या. शिवाय मी "काहीतरी खा" म्हणत नाही, "पौष्टिक खा" म्हणते. साखर घातलेलं पाकीटबंद धान्य आणि दोन अंडी यांना एकाच रकान्यात टाकलं की उत्तर धूसरच येणार. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, पाव लिटर दुधात ८. अकरा वाजता बिस्किटांच्या पुड्याकडे हात जाणाऱ्या क्लायंटला हा फरक स्वतःच्या अंगावर कळतो, आकडे दाखवावे लागत नाहीत.

बाथ विद्यापीठाचा २०१४ चा प्रयोगही पाहा. सडपातळ प्रौढांच्या एका गटाने ६ आठवडे सकाळी अकराच्या आत किमान ७०० कॅलरी खाल्ल्या, दुसरा गट दुपारपर्यंत उपाशी राहिला. वजनात फरक नाही, पण खाणाऱ्यांची शारीरिक हालचाल जास्त होती. मला हे मोलाचं वाटतं.

निशाचर

मी रात्रपाळी करते. सकाळी आठला घरी पोचते आणि झोपते. दोन कोच झाले, दोघांच्याही फॉर्मवर "नाश्ता किती वाजता?" हा रकाना होता, मी कधी उठते हा नव्हता. माझा दिवस दुपारी तीनला सुरू होतो. आधी तेवढं विचारा, मग बाकीचा वाद घाला.

खलबत्ता

औषधांच्या दुकानात उभा असतो म्हणून लिहितो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्याने मनाने नाश्ता बंद केला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. "भुकेचं ऐका" हा सल्ला अशा माणसाला पुरत नाही. उलट बाजूही आहे. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन रिकाम्या पोटी घ्यायची असते, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. उठल्या उठल्या खा असं सांगणारा कोच त्या गोळीचा परिणाम कमी करतो. औषधांची यादी पाहिल्याशिवाय सकाळच्या खाण्याबद्दल कुठल्याच बाजूने बोलू नये, आणि वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

सरळरेघ

खलबत्ता, हे शंभर टक्के मान्य. पण तो वैद्यकीय अपवाद झाला. धागाकर्तीला माझा साधा प्रश्न: निरोगी क्लायंट, सकाळी भूकच नाही. काय करता?

पहाटवारा

आधी आदल्या रात्रीबद्दल विचारते. साडेदहाला भरपेट जेवून सकाळी सातला भूक नसणं स्वाभाविक आहे. मग सकाळीला हातच लावत नाही, रात्रीचं जेवण थोडं लवकर किंवा हलकं करता येईल का ते बघते. काहींची भूक त्यानंतर आपोआप सकाळी सरकते.

भूक आहे पण जमत नाही, अशांसाठी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या प्रेरक मुलाखतीच्या (बदलाची कारणं माणसाच्याच तोंडून काढून घेण्याच्या) पद्धतीतला एक प्रश्न मी हमखास वापरते: "हे जमेल याची ० ते १० मध्ये किती खात्री?" समजा उत्तर ५ आलं. "१० का नाही" असं विचारलं की माणूस सबबी सांगतो. "३ का नाही, ५ का?" असं विचारलं की तो स्वतःची ताकद सांगायला लागतो: रात्री डबा भरून ठेवता येतो, ऑफिसात दही ठेवायला फ्रीज आहे. योजना त्याच्याच तोंडून येते, म्हणून ती टिकण्याची शक्यता जास्त. मी फक्त विचारते, "मग पहिला दिवस कुठला?"

सरळरेघ

पद्धत चांगली आहे. पण दिशा तुम्ही आधीच ठरवून बसलात, याचं काय? पूर्वी खाण्याशी झगडलेल्या, कॅलरींच्या धास्तीत वर्षं काढलेल्या माणसाला कोचचा तो कल लगेच जाणवतो. समजा महिनाभराने क्लायंट म्हणाला, "मला न खाताच बरं वाटतं." सोडाल?

पहाटवारा

औषधांचा प्रश्न नसेल आणि खाण्याच्या विकाराची शंका नसेल, तर सोडेन. मग दिवसभरातली प्रथिनं, फळं आणि तंतुमय पदार्थ उरलेल्या दोन जेवणांत बसतात का, ते आम्ही मिळून बघू. शंका असेल तर त्या विषयातल्या तज्ज्ञाकडे पाठवेन. पण महिनाभर करून पाहू या असं सुचवायला मी कचरणार नाही. कल नसलेला कोच मी पाहिलेला नाही.

सरळरेघ

मग "नको वाटलं तर सोडू" हे पहिल्याच भेटीत सांगा. माझा आक्षेप तेवढाच उरतो.

निशाचर

आणि फॉर्ममध्ये उठण्याची वेळ घाला.