फाटा आला तरी गाडी ७०-८० च्या स्पीडनंच, लहान भाऊ ऐकंना, कसं समजवावं?

मोठाभाऊ_अंबाजोगाई
रामराम मंडळी. लहान भाऊ २१ वर्षाचा आहे, लातूरला एमआयडीसीत कामाला आहे, अंबाजोगाईहून रोज बाईकवर अप-डाऊन करतो. गाडी १५० सीसी. पोरगं वाईट नाही, लायसन आहे, हेल्मेट घालतो, पिऊन तर कधीच चालवत नाही. पण फाटा येऊ द्या नाहीतर गावातला चौक येऊ द्या, पठ्ठ्या स्पीड कमी करत नाही, निस्ता हॉर्न वाजवत घुसतो. परवा मी मागं बसलो होतो, एका फाट्यावर डाव्या हाताला तूर उभी, आतलं काहीच दिसंना, आणि तिथून उसाचं ट्रॅक्टर निम्मं रोडवर आलं, ह्यानं ब्रेक न लावता उजवीकडून काढली, समोरून जीप येत होती. ट्रॅक्टरचं पुढचं टोक माझ्या गुडघ्याला घासता घासता राहिलं. खाली उतरल्यावर बोललो तर म्हणतो, मेन रोडवर मी आहे, थांबायचं त्यानं, आणि आपल्या गाडीला एबीएस आहे. घरी विषय काढला की ताटावरून उठतो. आई तो घरी येईपर्यंत दारात उभी असते. रागावून झालं, शपथ घालून झालं. नेमकं काय सांगितलं तर त्याला पटेल? ज्यांना गाडीतलं कळतं त्यांनी जरा खोलात सांगा.

गॅरेजवाला_लातूर
भाऊ, एबीएसबद्दल लई जणांचा गैरसमज आहे म्हणून आधी तेच सांगतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, म्हणजे गाडी घसरत नाही आणि हँडल तुमच्या ताब्यात राहतं, एवढंच त्याचं काम. ८० ची गाडी ते जागेवर उभी करत नाही. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस कंपल्सरी झालं, १२५ पर्यंतच्यांना सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो ते), तेव्हापासून पोरांना वाटायलंय की ब्रेकचा विषय संपला.

आता हिशोब बघा. ८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर ट्रॅक्टर दिसलं, डोक्यात शिरलं, बोटं लिव्हरवर गेली, ह्याच्यात साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ३३ मीटर गेले. तिथून पुढं चांगल्या कोरड्या रोडवर साधा माणूस जसा ब्रेक मारतो तसा मारला तर अजून ४५ मीटरच्या आसपास. एकूण ७८ मीटर, क्रिकेटच्या जवळपास चार पिच एकापुढं एक. आणि ४० नी असला तर? दीड सेकंदात १६-१७ मीटर, ब्रेकचे ११-१२, २८ मीटरमध्ये गाडी उभी. कारण स्पीड दुप्पट झाली की ब्रेकचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. म्हणजे ४० वाला जिथं पूर्ण थांबलेला असतो तिथं ८० वाल्याचा ब्रेक अजून लागलेला पण नसतो. हे भावाला कागदावर मांडून दाखवा, डिप्लोमावाला असेल तर पाच मिनिटात कळेल त्याला.

आणि हे कोरड्या रोडचं झालं. फाट्यावर कधी कोरडा स्वच्छ रोड असतो का? शेतातनं ट्रॅक्टरच्या टायरला आलेली काळी माती, पावसात तिचा चिखल, ट्रकमधनं सांडलेली खडी, सोयाबीनच्या दिवसात दाणे. नेमकं जिथं ब्रेक लागणार तिथंच टायरला पकड नसते. माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांत मागचे ब्रेक शू घासून संपलेले असतात आणि पुढचे पॅड नवेच्या नवे, म्हणजे पुढचा ब्रेक कोणी दाबतच नाही, उलटायची भीती. जोरात थांबायचं असलं की वजन पुढं येतं आणि मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही सोबत, आणि पुढचा झटक्यानं नाही तर दाबत दाबत. मोकळ्या मैदानात प्रॅक्टिस करायला लावा त्याला.

ट्रॅक्टरवाला_रेणापूर
मी ऊस ओढतो, डबल ट्रॉली असते, त्यामुळं दुसऱ्या बाजूचं पण ऐका. मोठाभाऊ, तुमच्या भावाला वाटतंय त्यानं थांबायचं. थांबायचंच आहे, मला पण घरी लेकरं आहेत. पण मला दिसायला तर पाहिजे ना. माझं सीट मागं, पुढं इंजनचं नाक लांब, बाजूला तूर नाहीतर वेडी बाभळ. म्हणजे मला मेन रोड दिसायच्या आधी माझं पुढचं चाक डांबरावर आलेलं असतंय. त्यात इंजनच्या आवाजात हॉर्न ऐकू येत नाही, हे पोरांना माहीतच नाही, ते हॉर्नच्या भरवशावर येतात.

आणि एकदा निघालं की भरलेली डबल ट्रॉली रोड पार करायला आठ-दहा सेकंद घेतेच. ८० नी येणारी बाईक तेवढ्यात २०० मीटर येते. मी बघतो तेव्हा ती लांब बारीक दिसते, वाटतं निघून जाईल आपलं, आणि निम्म्यात असताना ती अंगावर आलेली असते. निम्म्यात मी पुढं पण पळू शकत नाही, मागं तर घेताच येत नाही. रात्री तर अजून अवघड, एकच लाईट दिसतो, त्याच्यावरनं ती गाडी ३० नी येतीय का ९० नी हे बापजन्मात कळत नाही.

आमच्यातल्या लोकांनी पण सुधारायला पाहिजे, ट्रॉलीला मागं रेडियम नाही, लाईट नाही, एक हेडलाईट बंद, असं चालवणारे लई आहेत. ते चूकच आहे.

मोठाभाऊ_अंबाजोगाई
ट्रॅक्टरवाले दादा, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे समोरच्यानं बघून पण त्याला स्पीड कळत नाही?

जालनारोडवाला
नाही कळत, आणि ह्याच्यावर अभ्यास झालेला आहे. १९८१ ला अमेरिकेत हर्ट म्हणून एक संशोधक होते त्यांचा रिपोर्ट आला, लॉस एंजेलिसच्या भागातल्या ९०० च्या वर मोटारसायकल अपघातांच्या जागेवर त्यांची टीम स्वतः गेली होती. बाईक आणि दुसरी गाडी अशा अपघातात साधारण तीनपैकी दोन वेळा चूक दुसऱ्या गाडीवाल्याची निघाली, त्यानं बाईकचा रस्ता अडवला होता, आणि लई जणांचं म्हणणं एकच की बाईक दिसलीच नाही किंवा उशिरा दिसली. मोटारसायकल समोरून अरुंद दिसते, आणि लहान दिसणारी वस्तू अजून लांब आहे, यायला वेळ लागेल, असंच माणसाचा मेंदू धरतो. ट्रक त्याच अंतरावर त्याच स्पीडला असला तर तोच माणूस थांबतो. कारमध्ये तर पुढच्या काचेच्या बाजूचा जो खांब असतो त्याच्या मागं अख्खी बाईक झाकून जाते.

म्हणून भावाचं "चूक त्याची" हे बरोबर असून उपयोग नाही. चूक त्याची आणि हाडं आपली.

मी संभाजीनगरला रोज जालना रोडनी जातो, सिडको चौक, आकाशवाणी, मोंढा नाका, सगळीकडं एकच चालू असतं, सिग्नल पिवळा झाला की लोक थांबायच्या ऐवजी पिळतात. पिवळा म्हणजे थांबता येत असेल तर थांबायचं. आणि तिकडच्या बाजूचे हिरवा व्हायच्या दोन सेकंद आधीच क्लच सोडून निघालेले असतात. हा पिळून आलेला आणि तो आधी निघालेला, दोघं मधोमध गाठतात. रात्री उशिरा सिग्नल नुसते पिवळे उघडझाप करतात तेव्हा तर लोक हायवे समजूनच जातात, त्याचा अर्थ हळू होऊन बघून जा असा आहे.

अजून एक, एसटीच्या मागं चिकटून चौक पार करू नका. समोरून उजवीकडं वळायला थांबलेला कारवाला एसटी गेली की लगेच वळतो, मागं बाईक आहे हे त्याला दिसतच नाही. फाट्यावर उभ्या एसटीला ओव्हरटेक करणं तर त्याहून वाईट, पुढून उतरलेली म्हातारी माणसं पिशवी घेऊन सरळ रोडवर येतात.

कायद्याचं पण सांगतो. मेन रोडवाल्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम खरा आहे, पण चौकाजवळ येताना स्पीड कमी करायची हे पण नियमातच आहे, एक घेऊन दुसरं सोडता येत नाही. मोटारसायकलला केंद्राची कमाल मर्यादा डिव्हायडरवाल्या चौपदरीला ८०, शहरात आणि बाकी रोडला ६०, आणि बोर्डावर त्याच्यापेक्षा कमी लिहिलं असेल तर बोर्ड धरायचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली ओव्हरस्पीडला १००० ते २००० दंड, आणि धोकादायक चालवणं धरलं तर १८४, त्यात पहिल्या वेळेला पण जेल होऊ शकते. उद्या क्लेमची केस उभी राहिली तर आपल्या स्पीडमुळं आपली पण चूक धरून भरपाईतून टक्के कापले जातात, हे घरच्यांना कोर्टात गेल्यावर कळतं.

सिस्टर_बीड
मी कॅज्युअल्टीला ड्युटी केलेली आहे म्हणून लिहिते. हेल्मेट घालतो हे लई चांगलं आहे, ते चालूच ठेवा. पण समोरासमोरची धडक वेगळी आणि चौकातली वेगळी, चौकात मार बाजूनी बसतो, आणि बाईकला बाजूला काहीच नसतं. मांडीचं हाड, कंबर, बरगड्या, पोटातला मार. मांडीचं हाड मोडलं की आतल्या आतच लिटरभर रक्त जाऊ शकतं, बाहेरून थेंब दिसत नाही आणि सोबतचे म्हणतात पायच मोडलाय, काही टेन्शन नाही. पोटात प्लीहा फाटली तर पोरगं बोलत बोलत आत येतं आणि अर्ध्या तासात बीपी खाली. बऱ्याच तालुक्यांना सीटी स्कॅन नसतं, सर्जन नसतात, मग पुढं पाठवायचं, त्यात वेळ जातो. हेल्मेट कितीही भारी असलं तरी ह्याला काही करू शकत नाही, फक्त कमी स्पीड करू शकते.

अपघात दिसला तर १०८ लावा, मान हलू देऊ नका, उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. पोलिसाच्या भीतीनं लोक निघून जातात, पण मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत १३४ए कलम आलंय, मदत करणाऱ्यावर केस होत नाही आणि नाव सांगायची पण सक्ती नाही.

मोठाभाऊ, तुमच्या भावाला एक बहीण सांगतीय म्हणून सांगा, आईला दारात उभं राहायला लावू नको रे.

पल्सरप्रेमी_परभणी
मी पण २२ चाच आहे म्हणून सांगतो, भावाला "मरशील" म्हणून काही होणार नाही, त्या वयात ते कानावरून जातं. मला पटलं ते टायमाचं गणित. फाट्याच्या अलीकडं पलीकडं मिळून २०० मीटर धरा. ७० नी गेलं तर १० सेकंद, ४० नी गेलं तर १८. एका फाट्याला ८ सेकंद गेले. वाटेत असे दहा फाटे धरले तरी दीड मिनिट होत नाही, पुन्हा स्पीड घ्यायचा वेळ धरून दोन-अडीच म्हणा. लातूरमध्ये शिरल्यावर एक-दोन सिग्नलला तेवढा वेळ जातोच.

बाकी रोडवर चालव ना भाऊ लिमिटमध्ये मजेत, कोण नको म्हणतंय. फाटा दिसला की थ्रॉटल सोडायचा, एक गिअर खाली, दोन बोटं पुढच्या ब्रेकवर. बोटं आधीच तिथं असली की अर्धा सेकंद तरी वाचतो, ८० ला तेच ११ मीटर झाले. आणि बाजूनी गाडी उभी असेल तर ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघू नका, तो तुमच्याकडं बघत असून पण निघतो. पुढच्या चाकाकडं बघा, चाक फिरायला लागलं की ती निघाली.

शेतकरी_केज
फाट्यावर सरळ मोठे स्पीड ब्रेकर टाका, कोणाला समजवायची गरज नाही.

गॅरेजवाला_लातूर
ब्रेकर पाहिजेत पण पट्टे मारलेले आणि आधी बोर्ड लावलेले पाहिजेत भाऊ. रात्रीतून मुरूम टाकून केलेला उंचवटा अंधारात दिसत नाही, मागं बसलेली बाई उडून पडते, असे पेशंट तर सिस्टरताई पण सांगतील. मेन रोडला ते बारीक बारीक पट्ट्यांचे रंबलर बरे, आणि शेतातून येणाऱ्या रस्त्याला ब्रेकर, म्हणजे ट्रॅक्टर आधी थांबून मग बघेल. ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन रोड ज्या खात्याकडं आहे त्यांना लेखी द्या आणि पोच घ्या.

शेतकरी_केज
हे मान्य. आणि फाट्याच्या कोपऱ्यात तूर, ऊस न घेता तेवढ्या तुकड्यात सोयाबीन, हरभरा घेतला तर दोन्हीकडचं दिसतं. आमच्याकडं एकानं केलंय, नुकसान काही नाही.

मोठाभाऊ_अंबाजोगाई
सगळ्यांचे आभार. काल रात्री गॅरेजवाल्या दादांचा हिशोब भावासमोर ठेवला, काहीच बोलला नाही, पण मोबाईलवर स्वतः आकडे टाकून बघत बसला होता. पटलंय असं अजून म्हणत नाही. चुलत्याचं ट्रॅक्टर आहे, रविवारी त्याला त्या सीटवर बसवून त्याच फाट्यावर नेणार आहे, तिथून मेन रोडची बाईक कशी दिसते ते त्यानं स्वतः बघावं. ज्यांची तूर आहे ते ओळखीचे आहेत, बांधावरच्या बाभळी तोडू का म्हणून विचारलं तर लगेच हो म्हणाले, चार पोरं घेऊन जातो. तुरीचं पुढच्या पेरणीला बघू म्हणाले.

ट्रॅक्टरवाले दादा, चुलत्याच्या ट्रॉलीला पण रेडियम नाही. कोणतं घ्यायचं?

ट्रॅक्टरवाला_रेणापूर
दोन इंची पट्टी घ्या, मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. ऑटोमोबाईलच्या दुकानात रोल मिळतो. चिकटवायच्या आधी पत्रा डिझेलनी नाही, साबणाच्या पाण्यानी धुवा आणि पूर्ण वाळू द्या, तेलकट राहिलं तर आठ दिवसात निघून येतं. बाजूची पट्टी जरा वर लावा, खाली लावली तर लोंबणाऱ्या उसानं झाकून जाते. दोन्ही ट्रॉल्यांना लावा, मागच्या एकट्याला नका लावू.