क्रेब्स सायकलमध्ये ऑक्सिजन कुठेच दिसत नाही, मग तो नसला की ती थांबते का?

फोंड्याची_आवय:
नमस्कार मंडळी. पोरगी अकरावी सायन्सला. रात्री जेवणं झाली की मला समोर बसवून मोठ्यानं वाचते, मी कॉमर्सवाली, मला काय कळणार, पण ऐकून ऐकून सायट्रेट, आयसोसायट्रेट, अल्फा-कीटोग्लुटारेट माझंही पाठ झालंय. काल म्हणाली, आई, क्रेब्स सायकलच्या, म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या चक्राच्या, ह्या गोल चित्रात ऑक्सिजन कुठेच आत जात नाही, नुसता कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तरी खाली लिहिलंय की ऑक्सिजन नसला तर हे चक्र चालत नाही, असं कसं? मी दोनदा बोट फिरवून बघितलं, खरंच नाहीये. ट्यूशनमध्ये "लिहून घे नि पाठ कर" एवढंच उत्तर मिळालं. तिचा दुसरा प्रश्न, लिंबू सरबत प्यायलं की हे चक्र जोरात फिरतं का? हसू नका.

चोडणकर_बायोकेम:
हसत नाही ताई. पहिला प्रश्न व्हायवाला विचारला तर बीएस्सीची अर्धी पोरं छताकडे बघतात.

चक्रात ऑक्सिजन लागतच नाही, लागतं ते रिकामं एनएडी, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू. मी रोज रायबंदर-चोडण फेरीबोटीनं जातो म्हणून तेच उदाहरण देतो. बोट स्कूटरी भरून निघते, पलीकडच्या धक्क्याला उतरवते, रिकामी परत येते, तेव्हा कुठे इकडची लाइन सरकते. आता चक्र बघा. ४ कार्बनचं ऑक्सॅलोॲसिटेट, त्याला अन्नातून आलेल्या ॲसिटिल कोएकडून २ कार्बन चिकटले की ६ कार्बनचं सायट्रेट, मग दोन ठिकाणी एकेक कार्बन डायऑक्साइड सुटतो नि गाडी परत ४ वर. एवढ्या खटाटोपात एका फेरीची कमाई ३ एनएडीएच, १ एफएडीएच२ (तसाच दुसरा वाहक) आणि फक्त १ जीटीपी, म्हणजे लगेच खर्चता येणारं ऊर्जेचं नाणं. एनएडीएच म्हणजे इलेक्ट्रॉन भरलेली बोट. ती माल उतरवते मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, आतल्या पडद्यावर, इलेक्ट्रॉन साखळीला, आणि साखळीच्या टोकाला ऑक्सिजन तो घेतो नि पाणी तयार होतं. ऑक्सिजन नाही म्हणजे पलीकडचा रस्ताच बंद, स्कूटरी उतरेनात, सगळ्या बोटी भरलेल्याच अडकल्या आणि इकडे आयसोसायट्रेट लाइनीत उभं, रिकामी बोट कुठाय म्हणून.

सरबताचं म्हणाल तर लिंबातलं सायट्रिक ॲसिड आणि चक्रातलं एकच, पण पेशी आपलं सायट्रेट आपण बनवते, आणि चक्राचा वेग एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं मुख्य नाणं, किती खर्च होतोय त्यावर ठरतो. पोरगी जिना पळत चढली तर चक्र जोरात फिरेल, सरबतानं नाही.

भाटीवालो:
आमच्याकडे सत्तरीत काजूच्या सीझनला हे डोळ्यांनी दिसतं. बोंडूंचा रस पिंपात दोनेक दिवस राहिला की वर फेस येतो, कान लावला तर चुरचुर ऐकू येते, आणि वास असा की माशा लांबून येतात. आत यीस्टला ऑक्सिजन मिळत नाही म्हणून क्रेब्स बंद नि दारू सुरू, तो फेस म्हणजे क्रेब्सचाच सीओ-टू ना?

चोडणकर_बायोकेम:
नाही बाबा, तो त्याच्या आधीच सुटतो. ग्लुकोजचे दोन पायरुव्हेट होतात, प्रत्येकी ३ कार्बनचे, त्यातला एक कार्बन निघाला की उरलेल्या दोनाचं अल्कोहोल. ते बनवतानाच एनएडीएच रिकामं होतं, म्हणजे यीस्टनं अलीकडच्या काठालाच एक कामचलाऊ धक्का बांधला. आपल्या स्नायूंना जोरात पळताना हवा पुरेना झाली की ते लॅक्टेट बनवतात, तोही असाच जुगाड. आणि रस इतका गोड असतो की हवा असली तरी बेकरीचं यीस्ट थोडी दारू बनवतंच, सगळा दोष ऑक्सिजनच्या माथी मारू नका.

जुनं_पुस्तक:
पोरीला सांगा, क्रेब्सनं हे १९३७ साली शेफिल्डला कबुतराच्या छातीच्या स्नायूवर काढलं, पंख मारणारा स्नायू म्हणून तो भराभर ऑक्सिजन खातो. नेचर ह्या विज्ञान नियतकालिकानं पत्र छापलं नाही, १९५३ ला नोबेल मिळालं. बाकी एका ग्लुकोजचे ३८ एटीपी, तेवढं पाठ करा.

चोडणकर_बायोकेम:
३८ जुना हिशोब. हल्ली ३० ते ३२ धरतात, कारण पडद्यातून प्रोटॉन गळतात आणि माल आतबाहेर करायलाही खर्च होतो. पण पेपरात पुस्तकात असेल तेच लिहा, मार्क तिथे आहेत. एक गंमत, सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन श्वासातला नाही. श्वासातल्याचं तर पाणी होतं.

फोंड्याची_आवय:
देव बरें करूं. फेरीबोट एकदम पटली, तिनं वहीत बोटच काढली, स्कूटरींसकट. आता नवं काढलंय, तांबड्या पेशी दिवसभर ऑक्सिजन वाहतात मग त्यांचं चक्र सगळ्यात जोरात चालत असेल ना?

चोडणकर_बायोकेम:
उलट, त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियाच नसतात. ग्लुकोजचं लॅक्टेट करून भागवतात, वाहतात तो ऑक्सिजन स्वतः खात नाहीत. हिला बायोलॉजीच घेऊ दे.