दिवस आपोआप निघून जातात, जाणीवपूर्वक जगायला सुरुवात कुठून करायची?

कोरंपान

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकते. वय ३४, नोकरी बरी आहे, तब्येत ठीक आहे, घरात भांडणतंटा नाही, म्हणजे तक्रार करावी असं काही नाहीच. तरीपण मागच्या रविवारी रात्री झोपताना सहज आठवायला गेले की मंगळवारी आपण काय केलं, तर काही म्हणजे काहीच आठवेना. बुधवारचंही तेच. कामाला गेले असणार, परत आले असणार, फोन बघता बघता झोप लागली असणार, सगळं नुसतं 'असणार'. पोटात खड्डाच पडला एकदम, असे किती मंगळवार गेले असतील.

मग दुसऱ्या दिवशी एक चांगली वही आणली, पहिल्या पानावर 'मला आयुष्यात नक्की काय हवंय' असं लिहिलं आणि अर्धा तास पेन हातात धरून बसले. पान कोरंच राहिलं. जिकडे तिकडे वाचते की कुतूहल जागं ठेवा, स्वतःला ओळखा, पण मला खरंच कशाचंच कुतूहल वाटत नाहीये हो, मग ते आणायचं कुठून? दहा मिनिटं शांत बसूनही बघितलं, तिसऱ्याच मिनिटाला हात शिवशिवायला लागले फोनसाठी. माझ्यातच काहीतरी कमी आहे का? ज्यांनी स्वतः काही करून बघितलंय त्यांनी प्लीज सांगा, सुविचार नकोत.

पायवाट

वही फेकू नका, फक्त ते पहिलं पान उलटा. तो प्रश्न फार मोठा आहे, त्याला उत्तर सुचत नाही हे अगदी साहजिक आहे, मलाही नव्हतं सुचलं.

मी काय केलं ते सांगतो. रोज झोपायच्या आधी दोनच ओळी लिहायच्या, आज मी मुद्दाम ठरवून काय केलं आणि आज काय नुसतंच होऊन गेलं. बास. पहिला आठवडा काही विशेष नाही, पण नंतर दिसायला लागलं की दुसऱ्या ओळीत एकच गोष्ट परत परत येतेय. कुणी काही काम सांगितलं की समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत माझ्या तोंडून 'हो' निघून जायचं. तीन आठवड्यांत ११ वेळा! त्यातली मला मनापासून करायची होती अशी कामं चार. मी इतकी वर्षं समजत होतो की माझा स्वभावच मदत करायचा आहे, म्हणून मग पुढच्या वेळी नीट लक्ष ठेवलं, की 'हो' म्हणायच्या आधी नेमकं काय होतं. तर समोरच्याने विचारल्यावर जी एक-दोन सेकंदांची शांतता पडते ना, ती मला सहन होत नाही, छातीत घट्ट झाल्यासारखं होतं आणि ती भरून काढायला मी हो म्हणून मोकळा होतो. ४१ व्या वर्षी कळलं हे मला स्वतःबद्दल, आणि कळलं ते दोन ओळींच्या नोंदीतून, कुठे विचार करत बसून नाही.

आता एकच वाक्य ठरवून ठेवलंय, 'उद्या सांगतो'. कुणी काही मागितलं की आधी हे म्हणायचं, मग उद्या खरंच हवं असेल तर हो. अजूनही दहातल्या तीन-चार वेळा जुनं 'हो'च निघतं, पण ते निघाल्याचं लगेच कळतं तरी.

सांजसावली

कोरंपान, तुमच्यात काहीही कमी नाहीये, हे आधी सांगते. मी मानसशास्त्र शिकवते म्हणून जरा अभ्यासातलं लिहिते.

ते तिसऱ्या मिनिटाचं जे सांगितलंत ना, त्यावर टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ चा प्रयोग आहे. माणसांना एका खोलीत १५ मिनिटं नुसतं आपल्या विचारांसोबत बसवलं, करायला काहीच नाही, फक्त एक बटण, दाबलं तर विजेचा सौम्य झटका बसतो. झटका कसा लागतो हे त्यांना आधीच दाखवलेलं होतं, आणि हा परत बसू नये म्हणून आम्ही पैसेसुद्धा देऊ असं ते म्हणाले होते. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी एकदा तरी ते बटण दाबलं! म्हणजे रिकामं बसणं माणसाला मुळातच जड जातं. सुरुवातच तिथून केलीत म्हणून निराश झालात.

आणि मंगळवार आठवत नाही त्याचंही फार अपराधी वाटून घेऊ नका. वेंडी वूड यांनी लोकांना दर तासाला आत्ता काय करताय ते टिपायला लावलं होतं, २००२ चा अभ्यास आहे, त्यात सुमारे ४३ टक्के गोष्टी सवयीच्या निघाल्या, म्हणजे जवळपास रोज, त्याच ठिकाणी केलेल्या, आणि बरेचदा डोक्यात भलतंच काही चालू असताना. हे वाईटच असं नाही. बुटाची नाडी बांधताना दरवेळी विचार करावा लागला तर माणूस दुपारपर्यंतच थकेल. ऑटोपायलट बंद करायचा नसतोच, त्यातली एखादी गोष्ट उचलून विचारायचं की ही मी आज परत निवडली असती का.

आता कुतूहल, मला सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं. जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं की आपल्याला जे माहीत आहे आणि जे जाणून घ्यावंसं वाटतं, त्यातली फट दिसली की कुतूहल वाटतं. म्हणजे ज्या विषयाचं काहीच माहीत नाही तिथे फट दिसतच नाही, सगळा अंधार. म्हणून कुतूहल येईल आणि मग मी शिकेन अशी वाट बघत बसलात तर ते यायचं नाही, आधी थोडंसं काहीतरी कळावं लागतं. रोज नजरेसमोर असलेली एखादी वस्तू घ्या, कुठलीही, आणि तिच्याबद्दल मला काय माहीत नाही असा एक प्रश्न लिहा. उत्तर लगेच शोधू नका, एक दिवस तो प्रश्न डोक्यात राहू दे.

अजून एक. २१ दिवसांत सवय लागते असं कुणी सांगेल, ते मनावर घेऊ नका. फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला, त्यात साधारण ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ इतका फरक होता. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यातच दिसलं.

तिसरी_पाळी

सगळं पटतंय पण एक बोलू का. 'निवडा, निवडा' असं वाचलं की मला राग येतो, खरंच येतो. वडील दीड वर्षं अंथरुणाला खिळलेत, मी रात्रीची ड्युटी करतो, दिवसा त्यांचं सगळं बघतो, झोप तुकड्या-तुकड्यांत. माझ्या दिवसात निवडण्यासारखं उरलंय तरी काय? वेळ आणि पैसा ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासाठी हे सोपं असतं, हे कुणीतरी म्हणायला हवं म्हणून म्हटलं.

पण वर पायवाटने लिहिलंय ते वाचून एक आठवलं. वडिलांचं अंग पुसताना मी कानात इअरफोन घालून काहीतरी ऐकत असायचो, म्हणजे ती वीस मिनिटं कशी तरी संपावीत म्हणून. एकदा चार्जिंग संपलं. तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं की त्यांच्या उजव्या कोपराखाली एक लांबट पांढरा व्रण आहे. ३८ वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाले, तू सहा महिन्यांचा असताना तुला कडेवर घेऊन जिना उतरत होतो, पाय घसरला, तुला वर धरलं आणि कोपर टेकवलं. एवढं सांगायलाच त्यांना पाच-सात मिनिटं लागली, शब्द नीट येत नाहीत आता. मी ओला कपडा हातात धरून तसाच उभा होतो.

तेव्हापासून त्या वीस मिनिटांत इअरफोन नाही. बाकी दिवस आहे तसाच आहे.

पायवाट

@तिसरी_पाळी, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, मी लिहिताना हा विचार केलाच नव्हता. काळजी घ्या दादा, आणि झोपेचं बघा काहीतरी, कुणी दोन तास सोबत बसणारं मिळत असेल तर संकोच करू नका.

कोरंपान

सोळा दिवसांनी लिहितेय, सॉरी. सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं. तिसरी_पाळी, तुमचं वाचून मी आईला फोन केला, बाकी काही लिहीत नाही.

दोन ओळींची वही चालू आहे, मधे तीन दिवस चुकले. दुसऱ्या ओळीत माझ्याकडे काय येतंय सांगू, 'आवाज नको म्हणून फोन, शांतता नको म्हणूनही फोन'. ह्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

पण प्रश्नाचं जमलं! सकाळी साडेसातला खिडकीतून चंद्र दिसला, चांगला उजेड असताना, समोरच्या इमारतीच्या जरा वर, फिकट, एका बाजूने झिजल्यासारखा. लहानपणापासून चंद्र म्हणजे रात्र असंच डोक्यात, म्हणून वहीत लिहिलं, हा सकाळी इथे काय करतोय? सांजसावलींनी सांगितलं तसं एक दिवस काहीच शोधलं नाही. मग वाचलं, की पौर्णिमेला तो सूर्य मावळताना उगवतो आणि मग रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा, म्हणून मावळायलाही उशीर होत होत तो सकाळपर्यंत आकाशात राहतो. हे कळल्यावर तर थांबवेनाच, रोज साडेसातला गच्चीवर उभी राहून तो आकाशात कुठे आहे ते वहीत टिंब काढून ठेवायला लागले. रोज थोडा पूर्वेकडे, सूर्याच्या जवळ, रोज थोडा बारीक. नऊ टिंबं आहेत, मधली दोन ढगांमुळे नाहीत. परवा सूर्याच्या इतका जवळ गेला की सापडलाच नाही.

मागच्या मंगळवारचं टिंब कुठलं ते मला वही न उघडता सांगता येतंय. आता तो परत दिसेल तेव्हा पश्चिमेला, सूर्य मावळल्यावर थोडाच वेळ दिसेल. माझी त्या वेळेला रोज मीटिंग असते, ती अर्धा तास आधी घेऊ या का असं आज टीमला विचारलंय.