परदेशी विद्यार्थी: एफआरआरओ, घर, बँक यात आधी काय?

प्रवेश_विभाग: पुण्यातल्या आमच्या कॉलेजात यंदा सुदान, येमेन आणि इथिओपियातले विद्यार्थी बी.एस्सी.ला येत आहेत. वसतिगृह सगळ्यांना पुरणार नाही, काही जण फ्लॅट घेतील. एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांचं नोंदणी कार्यालय) नोंदणी, घर, बँक खातं यातलं आधी काय उरकावं?

फाइलवाला: आधी पत्ता, बाकीचं त्यावरच अडतं. स्टुडंट व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर ई-एफआरआरओवर (या कार्यालयाचं संकेतस्थळ) १४ दिवसांत नोंदणीचा अर्ज करावा लागतो. हे दिवस भारतात उतरल्याच्या शिक्क्यापासून मोजतात, कॉलेजात हजर झाल्यापासून नाही. आठवडाभर दिल्लीत थांबून आलेल्याची निम्मी मुदत तिथेच संपलेली असते. म्हणून तिकिटाची प्रत आधीच मागवा.

या अर्जासाठी कॉलेजने दिलेल्या बोनाफाइडवर पासपोर्ट क्रमांक आणि अभ्यासक्रमाचा पूर्ण कालावधी हवा. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आडनावाची जागा कोरी असेल तर आपल्या सवयीने तिथे वडिलांचं नाव घालू नका. कागद जुळत नाहीत आणि अर्ज रखडतो.

कोथरूडकर: फ्लॅटचं काम वेळखाऊ आहे. लीव्ह अँड लायसन्स (घरभाड्याचा) करार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकाची (महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५). नवीन आलेल्याकडे आधार नसतं, त्यामुळे एजंट घरी येऊन बोटांचे ठसे आधारशी जुळवतो तो सोपा मार्ग अडतो. शिवाय परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत ऑनलाइन द्यायची असते, सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात. बऱ्याच मालकांना हे ठाऊकच नसतं. कॉलेजच्या माणसाने सोबत बसून तो भरून घ्यावा. माझं स्पष्ट मत: पहिला महिना नवीन मुलांना वसतिगृहात ठेवा, जुन्यांना बाहेर जागा शोधू द्या.

खातेवही: बँकेत एनआरओ खातं (अनिवासी व्यक्तीचं रुपयांतलं खातं) पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशपत्रावर उघडतं, स्थानिक पत्त्याचा पुरावा ३० दिवसांत दिला तरी चालतो. तोवर परदेशातून १,००० डॉलरपर्यंतच रक्कम घेता येते आणि खात्यात एकूण ५०,००० रुपयांची मर्यादा असते. त्यामुळे वर्षाची फी त्या खात्यातून मागू नका, पालकांकडून थेट कॉलेजच्या खात्यात घ्या. शाखेतल्या कर्मचाऱ्याला हा नियम माहीत नसेल तर मुलाला परत पाठवतात, सोबत कुणीतरी जा.

प्रवेश_विभाग: आभार. काहींचा व्हिसा एकच वर्षाचा आहे, अभ्यासक्रम तीन वर्षांचा.

फाइलवाला: मुदतवाढीचा अर्ज व्हिसा संपण्याआधीच जायला हवा. निकाल लांबला की गुणपत्रिकेची वाट बघत मुलं थांबतात आणि दंडात सापडतात. तेव्हा 'निकाल प्रतीक्षेत, पुढील वर्षात शिकत आहे' असं पत्र कॉलेजनेच द्यावं. प्रत्येकाची व्हिसा आणि पासपोर्ट संपण्याची तारीख एका तक्त्यात ठेवा, आणि दोन महिने आधी फोन करा.