फेमस पोझिशन म्हणजे टेस्ट पोझिशन नव्हे, पटतंय का?

माडावरचा घोडा:
२०२५ चा बुद्धिबळाचा वर्ल्ड कप गोव्यात झाला तेव्हापासून आमच्या फोंड्याच्या मंडळींना नवीन खूळ लागलंय, कोणीतरी एक पोझिशन पाठवतो आणि खाली "बघ तुझं इंजिन सोडवतं का" (इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम). काल परत तीच, टोपालोव-शिरोव डावातली, लिनारेस स्पर्धा १९९८, शिरोवनं उंट एच३ वर नेऊन फुकट दिला ती. खेळी भन्नाटच, राजाला एफ५ वरून ई४ गाठायला वेळ मिळावा म्हणून अख्खा उंट! पण इंजिनांची ताकद जोखायची टेस्ट म्हणून ती आता संपली. एके काळी इंजिनांना दिसायचीच नाही, आजच्या स्टॉकफिश इंजिनाला जड जात नाही, मग दोन इंजिनांतला फरक दिसणार कसा? माझं म्हणणं, जिंकणारी खेळी एकच हवी, दुसरीनंही डाव जिंकता येत असेल तर पोझिशन बाद. आणि पटावर सात किंवा कमी मोहरे असतील तरी बाद, सिझिजी टेबलबेस (आधीच सोडवून ठेवलेल्या पोझिशनचा साठा) लावला की उत्तर डिस्कवरून वाचलं जातं, डोकं कुठे चाललं?

डिचोलकर:
घोडेबाब, मुळात हा सगळाच टाइमपास. ब्रात्को-कोपेकची २४ पोझिशनची टेस्ट १९८२ ची, त्यात पैकीच्या पैकी काढलेलं इंजिन समोरासमोर सपाटून मार खाऊ शकतं. ताकद कळते गेम खेळवून. स्टॉकफिशवाले फिशटेस्ट या त्यांच्या टेस्टिंग यंत्रणेवर २०१३ पासून तेच करतात, कोडमध्ये बारीकसा बदल असला तरी हजारो गेम. तुमच्या एका उंटाला कोण विचारतो?

माडावरचा घोडा:
आणि ते गेम सुरू कुठून होतात? पहिल्या खेळीपासून सोडले तर ड्रॉवर ड्रॉ, म्हणून मुद्दाम एका बाजूला झुकलेली ओपनिंग देतात आणि दोघांना दोन्ही रंगांनी खेळवतात. किती झुकलेली, हे कोणीतरी ठरवतंच ना? जास्त झुकली तर कोणीही जिंकेल, कमी झुकली तर परत ड्रॉ. म्हणजे पोझिशन पारखायचं काम तुम्हालाही चुकलं नाही, फक्त नाव वेगळं 😄

एकटं प्यादं:
टेस्ट नेमकी कशाची हे कोणीच बोलत नाही. लास्कर-राइखहेल्म ही पोझिशन घ्या. पांढरा राजा ए१, प्यादी ए४ डी४ डी५ एफ४, काळा राजा ए७, प्यादी ए५ डी६ एफ५. मोहरे नऊ, म्हणजे घोड्याच्या नियमात बसते. जिंकणारी खेळी एकच, राजा बी१. बाकी सगळी राजांची ये-जा, बी५ नाहीतर जी५ वर घुसायचं आणि काळ्याला योग्य घर मिळू द्यायचं नाही, त्यामुळे त्याच त्या पोझिशन वेगवेगळ्या वाटांनी परत परत येतात. हॅश टेबल (आधी तपासलेल्या पोझिशन लक्षात ठेवणारा तक्ता) नीट चालत असेल तर इंजिन खोल जातं आणि बी१ सापडते, हॅश बिघडलेला असेल तर रखडतं. मी स्वतः छोटं इंजिन लिहितेय, त्यातला हॅशचा बग मला याच पोझिशननं दाखवला, गेम खेळवत बसले असते तर नुसतं हरताना दिसलं असतं, का ते कळलं नसतं.

डिचोलकर:
बग शोधायला ठीक, मान्य. पण सेकंद मोजून "माझं इंजिन फास्ट" म्हणणारे वेगळे. रविवारी मीच चार थ्रेडवर (एकाच वेळी चार जागी शोध) एक पोझिशन लावली, पहिल्यांदा चहा गाळेपर्यंत खेळी सापडली, दुसऱ्यांदा तेच इंजिन तोच लॅपटॉप, आणि पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत वाड्यावरून फिरून गेला तरी नाही. जास्त थ्रेड असले की हे होणारच. यातला कुठला वेळ खरा धरायचा?

एकटं प्यादं:
एक थ्रेड, दर वेळी हॅश रिकामा. आणि खेळी सापडली एवढ्यावर भागत नाही, पुढच्या डेप्थला (आणखी खोल शोधल्यावर) टिकते का आणि आकडा (कोण किती पुढे याचा इंजिनाचा अंदाज) चढतो का तेही बघा. चुकीच्या कारणानं बरोबर खेळी खेळणारी इंजिनं ढिगानं आहेत.

उंटवाला काका:
मग २०१७ ची ती पेनरोजवाली पोझिशन कुठल्या खात्यात टाकाल? काळ्याचे तीन उंट, तिन्ही काळ्या घरांवरचे, पांढऱ्यानं राजा पांढऱ्या घरांवर फिरवत ठेवला की बरोबरी, आणि इंजिन म्हणतं काळा जिंकतोय. माझ्या मते बेस्ट टेस्ट, मशीनला किल्ला (फोडता न येणारा बचाव) कळत नाही हे उघडं पडतं.

माडावरचा घोडा:
काका, आकडा चुकतो, पण राजा फिरवत बसला तर अर्धा पॉइंट मिळतोच ना? खेळीनं मार्क द्यायचे तर इंजिन पास, आकड्यानं द्यायचे तर नापास. मी नाही घेणार ती.

उंटवाला काका:
मी घेणार. खेळी नको, आकडाच विचारा. तुमचा नियम फक्त जिंकायच्या पोझिशनना लागू पडतो, वाचवायच्या पोझिशन काय समुद्रात टाकायच्या?

माडावरचा घोडा:
हे खरंय, तो विचारच केला नव्हता. पाऊस आला, लाईट गेली, लॅपटॉप १२ टक्क्यांवर आहे, रात्री लिहितो.